बंदर सांगतात, टोपली सांगत नाहीत

माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडच्या मागं. यंदा इथल्या एका जुन्या वाचनालयानं पाच संध्याकाळची व्याख्यानमाला ठेवली. विषय होता किनाऱ्याचा स्थानिक इतिहास. पत्रिका माझ्याच मशीनवर निघाली. तीनशे प्रती. प्रत्येक प्रत हातातून गेली म्हणून ती मला पाठ झाली. पहिल्या दिवशी बंदर, दुसऱ्या दिवशी किल्ले आणि देवळं, तिसऱ्या दिवशी घराणी, चौथ्या दिवशी तालुक्याची रत्नं, पाचव्या दिवशी लेखक आपल्या भेटीला. पाच दिवसांत खोती हा शब्द पत्रिकेवर नव्हता. दापोलीच्या किनाऱ्याचा इतिहास, आणि खोती नाही! समुद्राचं वर्णन करायचं आणि पाणी गाळायचं, असा हा प्रकार.

तरी पाचही दिवस मी गेलो. आपल्यातली पोरं म्हणाली, "कशाला जातोस त्यांच्यात माना हलवायला?" मी म्हटलं, आपल्या आजापणजांनी ज्या धक्क्यावर ओझी वाहिली त्या धक्क्याबद्दल कोण काय बोलतं ते ऐकायला मी जाणार. मान हलवायची की नाही ते तिथं ठरवीन.

जे ऐकलं त्याचा हा हिशेब आहे. वृत्तांत पेपरात येऊन गेला, 'श्रोते भारावले' म्हणून. भारावलेल्यांत मी नव्हतो, पण झोपलेल्यांतही नव्हतो.

१

पहिल्या दिवशी दाभोळ. वक्ते निवृत्त प्राध्यापक. माणूस अभ्यासू होता, हे आधी लिहून टाकतो. आपल्यात एक खोड आहे. समोरचा वरच्या जातीतला दिसला की त्याचा अभ्यासही खोटा ठरवून मोकळं व्हायचं. त्यात नुकसान आपलंच होतं. मला त्या तासाभरात पुष्कळ कळलं. वाशिष्ठीच्या मुखावरचं हे बंदर बहामनी आणि आदिलशाही काळात केवढं मोठं होतं ते कळलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन प्रवासी इथून जहाजात बसला, १५०८ साली पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं, आदिलशाहीतली मशीद अजून उभी आहे, हे सगळं त्यांनी छान सांगितलं. अरबस्तानातून घोडे यायचे, इथून कापड जायचं. ऐकताना डोळ्यांपुढं जहाजं आली.

प्रश्नोत्तरं सुरू झाल्यावर मी उठलो. विचारलं, "सर, जहाज लागायचं, माल उतरायचा. तो उतरवायचं कोण?"

"हमाल असणार."

"कुठल्या वाडीतले? कुठल्या जातीचे?"

सभागृहात चुळबूळ झाली. वक्ते शांतपणे म्हणाले, "त्याची कागदपत्रं उपलब्ध नाहीत." माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ मागं वळून म्हणाले, "अहो, इतिहासात जात कशाला आणता?" आणि माइक पुढं गेला.

इतिहासात जात मी आणली! अर्ध्या तासापूर्वी याच व्यासपीठावरून कुठलं घराणं कुठून आलं, त्यांचं मूळ आडनाव काय, कुलदैवत कुठलं, हे सगळं सांगून झालं होतं. तेव्हा ती जात नव्हती, ती परंपरा होती. हमालाची विचारली की जात होते.

आता माझी चूक सांगतो. त्या वेळी मला जे बोलायला हवं होतं ते सुचलं नाही. घरी जाताना, गाडीची किक मारताना सुचलं. दाभोळच्या बंदरात ओझी वाहणारा एक माणूस मला नावानिशी माहीत होता. तुम्हालाही माहीत आहे. दापोलीजवळच्या वणंदचे भिकू धुत्रे. दाभोळ बंदरात माशांनी भरलेल्या टोपल्या वाहून पोट भरणारा माणूस. त्यांची मुलगी लहानपणीच पोरकी झाली, नातेवाइकांबरोबर मुंबईला गेली, आणि भायखळ्याच्या मासळी बाजारात, बाजार उठल्यावर, रात्री तिचं लग्न लागलं. ती रमाई. नवरा भीमराव रामजी आंबेडकर.

म्हणजे बघा. बापाच्या डोक्यावर मासळीची टोपली, मुलीच्या लग्नाचा मांडव मासळी बाजाराच्या छपराखाली. किनाऱ्याचा इतिहास यापेक्षा वेगळा काय असतो? दाभोळचं नाव घेऊन तासभर बोलणाऱ्या माणसाला निकितीन आठवतो, भिकू धुत्रे आठवत नाहीत. निकितीन परदेशी. भिकू इथले. तरी स्थानिक इतिहासात स्थानिक कोण ठरलं?

२

कागदपत्रं नाहीत, या वाक्यावर मला थांबायचंय. कारण हे वाक्य आपल्या पोरांनाही खरं वाटतं. आपले लोक अडाणी होते, लिहून ठेवलं नाही, आता काय करणार, असं आपणही म्हणतो.

हे खोटं आहे. आणि आपल्या किनाऱ्यापुरतं तर साफ खोटं आहे.

गोपाळबाबा वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. पलटणीतून १८८६ साली निवृत्त झाले आणि दापोलीला येऊन राहिले. दापोलीला अजून लोक कॅम्प म्हणतात. इथं पेन्शनर महार शिपायांची वस्ती होती, शिकलेली, जग बघितलेली माणसं. तिथं बसून या माणसानं १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' लिहिलं. त्यात काय होतं? प्रश्न. वरच्या जातींना उद्देशून एकामागून एक प्रश्न. विटाळ कुठून आला, कुणी ठरवला, कुठल्या आधारावर. दीनबंधू, सुधारक या पत्रांत ते लिहीत राहिले. अनार्य दोष परिहार मंडळी काढली. सरकारनं महारांची पलटणीतली भरती बंद केली तेव्हा १८९४ साली अर्ज तयार केला. १८९५ साली महाडच्या तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा बोर्डातल्या वरच्या जातींच्या सभासदांना ती खपली नाही. हे सगळं कागदावर आहे. शाईनं लिहिलेलं आहे. 'विटाळ विध्वंसन' तर बाबासाहेब जन्मायच्या तीन वर्षं आधीचं आहे.

दुसरा कागद. २४ डिसेंबर १९२७ ला बाबासाहेब आणि सत्याग्रही मुंबईहून बोटीनं निघाले. बाणकोटच्या खाडीतून वर येऊन दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले आणि तिथून रांग धरून पायी महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृती जळाली. महाडच्या लढ्याला आपण तळ्याचा लढा म्हणतो, ते बरोबरच आहे. पण त्या डिसेंबरात तो लढा आला खाडीच्या पाण्यावरून. दासगावचे आर. बी. मोरे आणि त्यांच्यासारखी माणसं मार्चच्या परिषदेच्या आधीपासून या मुलखात पायपीट करत होती. या सगळ्याची हकीकत 'बहिष्कृत भारत'मध्ये छापून आलेली आहे, आणि ते अंक महाराष्ट्र शासनानं पुन्हा छापलेत.

तिसरा कागद. १७ सप्टेंबर १९३७. मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं बिल. मांडणारे बाबासाहेब. पुढं १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. त्यात महार होते, कुणबी होते. आपल्या किनाऱ्यावरची वेठ करणारी माणसं जात बाजूला ठेवून एका झेंड्याखाली पहिल्यांदा चालली. ते बिल तेव्हा मंजूर झालं नाही. खोती कायद्यानं संपली ती १९४९ च्या कायद्यानं. पण विधिमंडळाचं कामकाज छापलं जातं, हे तर शाळकरी पोरालाही कळतं.

मग कागद नाहीत म्हणजे काय? खोताच्या दप्तरात नाहीत. खोताच्या दप्तरात आपण आहोत, पण तिथं आपल्याला नाव नाही, आपण तिथं आकडा आहोत. अर्धेलीचे इतके मण, तिर्धलीचे इतके, वेठीचे इतके दिवस. ज्यांना अर्धेल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. राबायचं कुळानं, बी त्याचं, बैल त्याचे, आणि अर्धं पीक खोताच्या कोठारात. शिवाय खोताच्या घरचं काम फुकट. स्थानिक इतिहासाचा अभ्यासक याच दप्तरावर बसून घराण्याचा मोठेपणा मोजतो. कोठार किती मोठं होतं ते सांगतो. त्यात भात कुणाचं होतं ते सांगत नाही.

तिसऱ्या दिवशी घराण्यांवरच्या व्याख्यानात नेमकं हेच झालं. वाड्याचे खांब, पडवीची लांबी, सण कसे व्हायचे, पंगती किती उठायच्या. एक बाई हळवेपणानं म्हणाल्या, "काय ते दिवस होते!" होते खरे. माझी आजीही त्याच दिवसांबद्दल सांगायची. फक्त ती पडवीच्या बाहेरून सांगायची.

३

चौथा दिवस, तालुक्याची रत्नं. व्यासपीठामागं फोटोंची रांग होती. महर्षी कर्वे, भारतरत्न १९५८. पांडुरंग वामन काणे, भारतरत्न १९६३. बाबासाहेब आंबेडकर, भारतरत्न १९९०. शिवाय लोकमान्य, कारण चिखलगाव इथलं. साने गुरुजी, कारण पालगड इथलं. सगळ्यांना एकाच मापाचे हार.

आपल्यातले चार जण त्या दिवशी आवर्जून आले होते. बाबासाहेबांचा फोटो लावला म्हणून खूश होते. मीही आधी झालो. पण वक्ते बोलायला लागले तसतसा मला घाम फुटला.

बाबासाहेबांवर बारा मिनिटं बोलले. त्यात काय? मूळ गाव आंबडवे. वडील सुभेदार, निवृत्तीनंतर दापोलीत राहिले. प्रतिकूल परिस्थिती. अठरा तास अभ्यास. राज्यघटना. 'आपल्या मातीनं देशाला घटनाकार दिला.' टाळ्या.

मातीनं दिला! ज्या मातीत त्याच्या माणसांना पाय ठेवायला परवानगी लागायची, त्या मातीनं दिला! महाड नाही, मनुस्मृती नाही, खोतीचं बिल नाही, धर्मांतर नाही. प्रतिकूल परिस्थिती म्हणजे काय ते नाही. जणू गरिबी होती, पाऊस जास्त होता आणि कंदिलात तेल नव्हतं.

'रत्न' हा शब्द मला त्या दिवशी कळला. माणसाला त्याच्या भांडणातून उचलायचं, पुसायचं आणि काचेच्या कपाटात ठेवायचं. मग तो कुणालाच टोचत नाही. बघा, त्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी होते. एकानं धर्मशास्त्राचा इतिहास लिहिला, पाच खंड, पहिला १९३० साली आला. विद्वत्ता प्रचंड, ती कुणी नाकारत नाही. दुसऱ्यानं त्याच्या तीन वर्षं आधी, ज्या धर्मशास्त्रानं आपल्याला पाणी नाकारलं त्याचा ग्रंथ भर परिषदेत जाळायला लावला. दोघांचा विषय एकच! एकाच मुलखातली दोन माणसं एकाच ग्रंथाकडं अशी दोन तऱ्हेनं का बघतात, यावर एक व्याख्यान झालं असतं तर मी स्वतः पदरचे पैसे घालून पत्रिका छापून दिली असती. स्थानिक इतिहास यालाच म्हणायचं. पण ते बोलायचं तर रांग मोडते. मग हार कुणाला आधी घालायचा, हा प्रश्न पडतो.

आपले चार जण टाळ्या वाजवत होते. त्यांना मी दोष देत नाही. इतकी वर्षं फोटोच नव्हता. फोटो लागला याचंच अप्रूप. पण मित्रांनो, फोटो लागला की भांडण संपलं असं समजू नका. कधी कधी भांडण संपवायलाच फोटो लावतात.

४

पाचव्या दिवशी लेखक. किनाऱ्यावरच्या कादंबऱ्या लिहितात, पुस्तकं खपतात. नाव घेत नाही, कारण मुद्दा त्या एका लेखकाचा नाही. प्रकट मुलाखत होती. मुलाखतकारानं सुरुवातच श्री. ना. पेंडशांपासून केली आणि 'तुंबाडचे खोत'वर गाडी आली. खोती हा शब्द पाच दिवसांत पहिल्यांदा उच्चारला गेला तो असा, कादंबरीचं नाव म्हणून!

'तुंबाडचे खोत' मी दोनदा वाचलीय. १९८७ साली आलेली, दोन भागांची, जगबुडीच्या काठची. पेंडसे मुर्डीचे, म्हणजे आपल्याच तालुक्यातले. माणूस उभा करण्याची त्यांची ताकद नाकारणारा गाढव म्हणावा लागेल. पिढ्या चढतात, माजतात, कोसळतात, आणि वाचताना आपण खोताच्या दुःखानं कासावीस होतो. मीही झालो. आणि मग स्वतःचाच राग आला. मी, ज्याची पणजी खोताच्या अंगणात वेठीला जायची, तो मी खोताच्या ऱ्हासाचं दुःख करत बसलो होतो! साहित्याची ताकद ही अशी असते. म्हणून तर त्याच्यावर बोलायला हवं.

माझी तक्रार पेंडशांनी खोत का लिहिला ही नाही. त्यांना जे घर आतून माहीत होतं ते त्यांनी लिहिलं. तक्रार या सभागृहाशी आहे. हे लोक कादंबरीला इतिहास म्हणून वापरतात. खोती म्हणजे एका भव्य घराण्याची शोकांतिका, असं त्यांच्या डोक्यात बसलंय. कादंबरीनं खोताला माणूस केलं, ते चांगलं झालं. पण मग कुळाला माणूस करणारं पुस्तक याच व्यासपीठावर का येत नाही?

मी हे विचारलं. या वेळी तयारीनं विचारलं. म्हटलं, उर्मिला पवारांचं 'आयदान' २००३ साली आलं. रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याचं. आई बांबूची आयदानं विणते. बाया डोंगर उतरून, ओझं घेऊन रत्नागिरीच्या बाजाराला जातात. हा किनारा नाही का? हा इतिहास नाही का?

लेखक म्हणाले, "आत्मकथनांमध्ये आक्रोश फार असतो. मला कलात्मक अंतर महत्त्वाचं वाटतं."

कलात्मक अंतर! यावर इतकंच सांगतो की 'आयदान' त्यांनी वाचलेलं नाही. वाचलं असतं तर त्यात किती हसू आहे ते दिसलं असतं. बायका एकमेकींची थट्टा करतात, जेवणाचा वास येतो, पोरी खेळतात, नवऱ्याबायकोची भांडणं आहेत, चळवळीतले पुरुष घरात कसे वागतात तेही आहे. बाई स्वतःच्या माणसांकडंही अंतर ठेवून बघते, आणि ते अंतर तिला फुकट मिळालेलं नाही. तिनं ते कमावलंय. डोक्यावर ओझं घेऊन जाणारी बाई रस्ता कसा बघते, कुठं थांबते, कुठल्या चढावर काय बोलते, हे घाटाच्या खाली कुठल्या इतिहासकारानं लिहून ठेवलं होतं? बंदराचा इतिहास लिहिणाऱ्यांना टोपली दिसली नाही. टोपली विणणारीच्या मुलीनं ती लिहिली. आयदान म्हणजे बांबूचं विणकाम, आणि त्या पुस्तकाची वीणही तशीच आहे, एक काडी वर, एक खाली, मध्ये फट राहत नाही.

आणि 'कोकणी माणूस' हा शब्द त्या संध्याकाळी इतक्या वेळा आला की मी मोजायचं सोडून दिलं. कोकणी माणूस फणसासारखा, कोकणी माणूस हट्टी पण प्रेमळ. कोण हा माणूस? याची वाडी कुठली? याला विहिरीवर कुणी थांबवलं होतं का? बोटीत हा वर बसायचा की खाली मालाशेजारी? ज्याला जात नाही, वाडी नाही, कुळकायदा नाही, असा कोकणी माणूस फक्त मुलाखतीत असतो.

५

इथवर वाचून तुम्ही माना हलवल्या असतील. बरं वाटलं असेल. आता जे लिहितो त्यानं वाटणार नाही.

७ फेब्रुवारीला आमच्या वाडीत रमाई जयंती झाली. मुंबईहून वक्ते आणले. जाण्यायेण्याचा खर्च, शाल, पुष्पगुच्छ. दोन तास बोलले. त्यागमूर्ती, माउली, गोवऱ्या, उपास. सगळं खरं, सगळं शंभरदा ऐकलेलं. वणंद इथून किती जवळ, दाभोळ कुठं, भिकू धुत्रे टोपली वाहायचे त्या धक्क्यावर आपल्या वाडीतलं अजून कोण जायचं, यातलं एक अक्षर नाही. पुढच्या रांगेत एक म्हातारी बसली होती, नव्वदीच्या घरातली. तिची सासू बंदरावर मासळी वाहायची. हे तिनं कार्यक्रम सुटल्यावर मला सांगितलं, चप्पल शोधता शोधता. दोन तास माइक तिच्यापासून दहा हातांवर होता. आपण तो तिच्याकडं नेला नाही. आपण मुंबईच्या वक्त्याला पाणी नेऊन देत होतो.

मग सांगा, त्या वाचनालयात आणि आपल्या विहारात फरक काय राहिला? त्यांच्याकडं रत्नं आहेत, आपल्याकडं मूर्ती आहेत. त्यांनी बाबासाहेबांना काचेत ठेवलं, आपण रमाईला त्यागात ठेवलं. बंदरावरच्या मजुराची पोर ही ओळख दोघांनीही पुसली.

मी समितीत सुचवलं की पुढच्या खेपेला भाषण नको, 'आयदान'मधलं एक प्रकरण मोठ्यानं वाचू. एक ज्येष्ठ कार्यकर्ते भडकले. "त्या बाईनं आपल्याच लोकांची उणीदुणी काढलीत. घरातला उकिरडा चावडीवर कशाला?" मी गप्प बसलो. मोठे आहेत, त्यांच्या हाताखाली मी घोषणा शिकलो. पण आज लिहितो, दादा, तुमचं चुकलं. बाईचा इतिहास आपल्या पुरुषांना अडचणीचा झाला की आपणही वाचनालयवाले होतो. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढलं. चळवळीतल्या बायांकडं जाऊन, बसून, विचारून, ऐकून लिहिलेलं. स्थानिक इतिहास कसा गोळा करायचा याची शाळाच आहे ती. आपल्या विहाराच्या कपाटात ते नाही. मी बघून आलो.

आणि शेवटचा गुन्हा माझाच. माझी आजी मला खोताच्या वेठीबद्दल सांगायची. "भाताची मळणी आमी करायची, बाय, आनि पेंडा बी इचारून उचलायचा." असली वाक्यं तिच्या तोंडी सहज यायची. कुठल्या खोताकडं, कुठल्या मळ्यात, वेठीला किती दिवस, तिचा सासरा मुंबईच्या मोर्चाला गेला होता की नाही, याबद्दल ती एकदा काहीतरी म्हणाली होती. माझ्या खिशात मोबाईल होता. रेकॉर्ड करायला एक बटण दाबायचं होतं. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मी "मग सांग गं" म्हणालो. गेल्या पावसाळ्यात ती गेली. सासरा मोर्चाला गेला होता की नाही, हे आता मला कुणीच सांगू शकत नाही. "कागदपत्रं उपलब्ध नाहीत", हे वाक्य मीच तयार केलं.

६

आता एक खरा प्रश्न आहे आणि तो तुमच्यापुढं ठेवतो. मी पाच दिवस प्रश्न विचारले म्हणून असेल, वाचनालयाचे चिटणीस दुकानात आले. म्हणाले, "पुढच्या वर्षी तुमच्याकडून कुणीतरी बोला. वंचितांचा इतिहास. वीस मिनिटं, शेवटच्या दिवशी, आभारप्रदर्शनाच्या आधी." माणूस मनापासून म्हणत होता. चहा पिऊन गेला.

आपल्या बैठकीत दोन तट पडले. एक म्हणतो, जायचं नाही. आभाराच्या आधीची वीस मिनिटं म्हणजे गावकुसाबाहेरची जागा. दुसरा म्हणतो, मिळालंय ते घ्या, व्यासपीठ मोठं आहे.

माझं मत सांगतो. जायचं. पण वंचितांचा इतिहास या मथळ्याखाली जायचं नाही. वंचित म्हणजे ज्याला काही मिळालं नाही तो. आपल्याला मिळालं नाही हे अर्धं झालं, आपल्याकडून घेतलं हे उरलेलं अर्धं. म्हणून विषय खोती. पहिल्या दिवशी, बंदराच्या शेजारी. आणि बोलायला आपल्यातला शिकलेला नको, आपली एखादी म्हातारी आणि कुणबीवाडीतली एखादी म्हातारी, दोघी मिळून. १९३८ ला त्यांचे सासरे एकत्र चालले असतील, तर त्यांनी एका सतरंजीवर बसायला काय हरकत आहे? वाचनालयानं ऐकलं तर चांगलं. नाही म्हणालं तर आपलं विहार आहे, समाजमंदिर आहे, माझ्या दुकानापुढचा ओटा आहे. पत्रिका मी छापतो.

पण त्याआधी काम आहे, आणि ते पुढच्या वर्षाची वाट बघणार नाही. गोपाळबाबांनी दापोलीत बसून प्रश्न लिहिले. प्रश्न हे आपल्या किनाऱ्यावरच्या चळवळीचं पहिलं हत्यार. तेच पुन्हा हातात घेऊ. या पानांच्या प्रत्येक वाचकानं आपल्या वाडीतल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडं आणि माणसाकडं जावं आणि एवढंच विचारावं.

खोत कोण होता? पिकाचा वाटा किती द्यायचा? वेठीला कोण जायचं आणि काय काय करायला लागायचं? खोती संपली हे घरात कधी आणि कसं कळलं? बंदरावर, होडीवर, मासळीच्या बाजारात कोण जायचं? मुंबईला पहिलं कोण गेलं, कुठल्या धक्क्यावरून? महाडला किंवा मोर्चाला घरातलं कोण गेलं होतं? पाणी कुठल्या विहिरीचं, आणि कधीपासून?

उत्तर येईल तसं लिहा, त्यांच्या तोंडच्या भाषेत. सुधारू नका. न्हायचं नाही करू नका. बाई सांगत असेल तर मध्ये तिच्या मुलाला बोलू देऊ नका. सन आठवत नसेल तर कुठल्या पावसाळ्यात, कुणाच्या लग्नाच्या साली, असं विचारा. आणि रेकॉर्ड करा. गिऱ्हाईक थांबेल. म्हातारी थांबत नाही.

लिहिलेलं माझ्याकडं आणा. प्रती मी काढून देईन, पैसे घेणार नाही. पहिली प्रत त्या वाडीच्या विहारात, दुसरी वाचनालयात. पुढच्या वेळी कुणी "कागदपत्रं उपलब्ध नाहीत" म्हणाला, की आपण उठायचं आणि कुठल्या कपाटात, कितव्या फळीवर आहेत ते सांगायचं.

परवा मी त्या चप्पल शोधणाऱ्या म्हातारीकडं गेलो होतो. तीन तास बसलो. सासूची टोपली किती मोठी होती, ते तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं. रेकॉर्डिंगमध्ये ते येत नाही. म्हणून मी वहीत हात पसरून मोजलं तेवढं माप लिहून आणलंय.

जयभीम.